विमानाच्या पोटातली बॅटरी : निवड आणि निगा



रेडिओवर चालणारी छोटी विमाने आता केवळ एन.सी.सी.च्या हवाई शाखेतल्या छात्रांपुरती राहिलेली नाहीत. फोमचे तक्ते, एक मोटर, एक पंखा, दोन-तीन सर्व्हो आणि रिसीव्हर एवढ्या साहित्यातून आठवी-नववीची मुले स्वतःच्या हाताने विमान तयार करतात आणि ते उडतेही. या छंदातून हवेचा दाब, गुरुत्वमध्य, विद्युतप्रवाह असे कितीतरी धडे आपोआप पक्के होतात. मोटर आणि पंख यांच्याबद्दल मुले भरभरून बोलतात. बॅटरीबद्दल मात्र बहुधा एकच प्रश्न येतो, "किती मिनिटे चालते?"

प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. विमान पडले तर फोम तुटतो, तो चिकटवता येतो. बॅटरी चुकीच्या रीतीने चार्ज केली तर घराला आग लागू शकते. विशेष म्हणजे असे अपघात बहुतेक वेळा आकाशात होत नाहीत. ते चार्जिंगच्या टेबलावर, कपाटात किंवा उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत होतात. म्हणून बॅटरीचा अभ्यास विमान हातात घेण्याआधी करायचा. तो अवघड नाही. दहावीपर्यंतचे विज्ञान आणि साधा गुणाकार-भागाकार त्याला पुरतो.

लिथियमच का?

लिथियम हा सर्वांत हलका धातू. त्याचा अणुक्रमांक ३ आणि घनता पाण्याच्या साधारण निम्मी. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमच्या पुनर्भारित सेलचा पाया घातला. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइडचा धन ध्रुव शोधला. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी ऋण ध्रुवावर शुद्ध लिथियमऐवजी कार्बनी पदार्थ वापरून सेल अधिक सुरक्षित केला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने असा सेल बाजारात आणला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

विमानासाठी याचे महत्त्व एका हिशेबात कळते. आपल्याकडच्या नेहमीच्या विमानात ११.१ व्होल्ट आणि २२०० मिलिअँपिअर-तास म्हणजे २.२ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. तिची ऊर्जा ११.१ × २.२ म्हणजे सुमारे २४ वॉट-तास आणि वजन सुमारे १८० ग्रॅम. एवढीच ऊर्जा स्कूटरच्या शिसे-आम्ल बॅटरीतून घ्यायची म्हटली तर सुमारे ७०० ग्रॅम वजन उचलावे लागेल. म्हणजे बॅटरी जवळजवळ विमानाएवढीच जड होईल. निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांवरही विमाने उडत, पण जड अंगाने. लिथियमने हे चित्र पालटले.

पण जी वस्तू थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठवते, ती तेवढीच ऊर्जा भलत्या वेळी सोडूही शकते. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याजोगे आहे.

आत काय असते?

विमानात वापरतात ती लिथियम-पॉलिमर बॅटरी. मुले तिला लायपो म्हणतात. तिच्या प्रत्येक सेलमध्ये तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइट आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लिथियमचे ऑक्साइड लावलेले असते. दोहोंच्या मध्ये सच्छिद्र पडदा असतो आणि सर्व काही ज्वलनशील द्रवात भिजलेले असते. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटकडे जातात आणि बॅटरी वापरताना परत येतात.

मोबाइल किंवा लॅपटॉपच्या बॅटरीबरोबर एक रक्षक सर्किट असते. ते जास्त चार्ज होऊ देत नाही आणि पूर्ण रिकामेही होऊ देत नाही. विमानाच्या लायपो पॅकमध्ये सहसा असे सर्किट नसते. शिवाय वजन वाचवण्यासाठी तिला कठीण कवच नसते, फक्त ॲल्युमिनियमचे मऊ पाकीट असते. म्हणून "मोबाइल रात्रभर लावतो, तशीच हीही लावू" हा विचार इथे चालत नाही. मोबाइलमध्ये जे काम सर्किट करते, ते इथे आपल्याला करावे लागते.

बॅटरीवरचे आकडे वाचायला शिका

पॅकवर तीन गोष्टी छापलेल्या असतात.

पहिली, ३ एस. याचा अर्थ तीन सेल एकसर जोडणीत आहेत. एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, म्हणून तिघांचा ११.१ व्होल्ट. २ एस असेल तर ७.४ आणि ४ एस असेल तर १४.८. कधी ३ एस २ पी असेही लिहिलेले असते. त्यात दोन-दोन सेल समांतर जोडून असे तीन जोड एकसर लावलेले असतात.

दुसरी, २२०० एमएएच. ही क्षमता. टाकीत किती पाणी मावते, तसे हे समजा.

तिसरी, २५ सी. पाणी किती जोराने काढता येईल, ते हा आकडा सांगतो. क्षमतेला सी ने गुणायचे. २.२ × २५ = ५५ अँपिअर. म्हणजे ही बॅटरी ५५ अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकते, असे उत्पादक म्हणतो. "म्हणतो" हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण पाकिटावरचा सी पुष्कळदा फुगवलेला असतो. आपली गरज त्या आकड्याच्या निम्म्याच्या आतच ठेवावी.

यांखेरीज चार आकडे पॅकवर छापलेले नसतात, पण पाठ असावे लागतात. ते प्रत्येक सेलचे आहेत :

पूर्ण भरलेला सेल – ४.२० व्होल्ट. याच्या वर कधीही नाही.
साठवणीचा सेल – ३.८० ते ३.८५ व्होल्ट.
विमान उतरवल्यावर, विसावलेला सेल – सुमारे ३.७ व्होल्ट. याच्या खाली जाऊ देऊ नये.
धोक्याची रेषा – ३.० व्होल्ट. याच्या खाली सेल कायमचा बिघडतो.

४.२० च्या वर गेल्यास धन ध्रुवातून प्रमाणाबाहेर लिथियम निघून जातो, तो पदार्थ अस्थिर होतो आणि ऋण ध्रुवावर धातुरूप लिथियमचा थर साचू लागतो. सेल खूप रिकामा झाला तर आतले तांबे द्रवात विरघळते. पुढे चार्ज करताना ते भलतीकडे जमून आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. म्हणूनच पूर्ण मेलेली बॅटरी युक्तीने पुन्हा "उठवणे" हा धोक्याचा खेळ आहे. इंटरनेटवर अशा युक्त्या दिसल्या तरी करून पाहू नका.

आपल्या विमानाला कोणती बॅटरी?

एक उदाहरण घेऊ. नवशिक्याचे फोमचे विमान आहे आणि बॅटरीसह वजन ९०० ग्रॅम. शांतपणे उडणाऱ्या शिकाऊ विमानाला दर किलोला १५० ते २०० वॉट शक्ती पुरते, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. म्हणजे आपल्याला साधारण १७० वॉट लागतील. ३ एस पॅकचा दाब भाराखाली १०.५ व्होल्टच्या आसपास येतो. १७० ÷ १०.५ म्हणजे सुमारे १६ अँपिअर.

आता २२०० ची २५ सी बॅटरी ५५ अँपिअर देऊ शकते असे लिहिलेले आहे. निम्मे धरले तरी २७ अँपिअर होतात. १६ ची गरज सहज भागते. तीच बॅटरी १० सी ची असती तर कागदावर २२ अँपिअर, म्हणजे प्रत्यक्षात काठावर. ती गरम झाली असती, फुगली असती आणि लवकर गेली असती.

वेळेचे गणित असे. बॅटरी कधीही शंभर टक्के वापरायची नाही, ८० टक्केच वापरायची. २२०० चे ८० टक्के म्हणजे १७६०. पूर्ण जोराने १६ अँपिअर घेतले तर साडेसहा मिनिटे मिळतील. प्रत्यक्षात आपण निम्म्या जोरावर उडवतो, म्हणून दहा-बारा मिनिटे मिळतात.

इथे मुलांच्या मनात येते, "मग ४४०० ची घेऊ, दुप्पट वेळ उडेल." तसे होत नाही. बॅटरी १८० ची ३६० ग्रॅम होईल आणि ९०० चे विमान १०८० ग्रॅमचे, म्हणजे २० टक्के जड होईल. जड विमानाला हवेत राहायला जास्त वेग आणि जास्त शक्ती लागते. ते उतरतेही जोरात. गुरुत्वमध्य पुढे सरकला तर नाक खाली घालते. एक मोठी बॅटरी घेण्याऐवजी दोन मध्यम घ्याव्यात. एक उडते तोवर दुसरी विसावते, आणि उडवणाऱ्याचे डोळेही.

दुसरा मोह ४ एस चा. "एक सेल वाढवला तर विमान थोडे जोरात जाईल" असे वाटते. गणित पाहा. पंखा तोच ठेवला तर फेरे दाबाच्या प्रमाणात वाढतात, प्रवाह दाबाच्या वर्गाच्या आणि शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. ३ वरून ४ सेल म्हणजे दाब ४/३ पट, प्रवाह १६/९ पट आणि शक्ती ६४/२७ पट. १६ अँपिअरचे २८ होतात आणि १७० वॉटचे ४०० च्या घरात जातात. प्रत्यक्षात थोडे कमी भरते, पण २० अँपिअरचा वेग-नियंत्रक जळायला तेवढे पुरे. म्हणून सेलची संख्या मोटर आणि वेग-नियंत्रक यांच्या माहितीपत्रकात असेल तीच घ्यावी. वाढवायची असेल तर पंखा लहान करून, प्रवाह मोजूनच.

विकत घेताना पॅक फुगलेला नाही ना, पाकिटावर खोच नाही ना, ते पाहावे. दुकानातच सेल मोजावेत. नव्या पॅकच्या सेलमध्ये दोन-तीन शतांश व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. जुना साठा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते.

शाळेच्या वर्गासाठी लिथियम-आयर्न-फॉस्फेट हा प्रकारही विचारात घ्यावा. त्याचा सेल ३.२ ते ३.३ व्होल्टचा. तेवढ्याच ऊर्जेला तो जड पडतो, पण उष्णता अधिक सोसतो आणि सहजासहजी पेट घेत नाही. ट्रान्समीटरसाठी तो चांगला. मात्र त्याचा सेल ३.६ च्या आसपास भरतो, ४.२० ला नाही, म्हणून चार्जरवर त्याचाच प्रकार निवडावा लागतो.

चार्जिंग : सर्वांत जागरूकतेची वेळ

लायपोसाठी लायपोचाच बॅलन्स चार्जर हवा. निकेल बॅटरीचा चार्जर पूर्ण भरल्यावर दाब किंचित घसरण्याची वाट पाहतो. लिथियममध्ये तशी घसरण येतच नाही, त्यामुळे तो चार्जर थांबणारच नाही. ही चूक आगीला आमंत्रण आहे.

बॅलन्स म्हणजे काय, ते बेरजेने समजेल. ३ एस पॅक पूर्ण भरला की १२.६० व्होल्ट दाखवतो. पण १२.६० म्हणजे ४.२० + ४.२० + ४.२० असू शकतात, तसेच ४.०५ + ४.२० + ४.३५ सुद्धा असू शकतात. बेरीज तीच, पण दुसऱ्या पॅकमधला एक सेल धोक्यात आहे. म्हणूनच पॅकला लहान पांढरी बॅलन्सची पिन असते. तिच्यातून चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो. ती लावल्याशिवाय चार्ज करू नये.

क्रम असा ठेवावा :

१. पॅक हातात घेऊन पाहा. फुगलेला, वाकलेला, गोड किंवा द्रावकासारखा वास येणारा पॅक चार्ज करायचा नाही.

२. विमान नुकतेच उतरले असेल तर पॅक थंड होऊ द्या.

३. चार्जिंगची वायर आधी चार्जरला लावा, मग बॅटरीला. उलट केले तर वायरीची उघडी टोके एकमेकांना लागून शॉर्ट होते. काढताना आधी बॅटरी सोडवा.

४. चार्जरवर बॅटरीचा प्रकार, सेलची संख्या आणि प्रवाह हे तिन्ही स्वतः वाचा आणि दुसऱ्याकडून वाचून घ्या. सेलची संख्या चुकीची असणे ही सर्वांत धोकादायक चूक.

५. प्रवाह १ सी ठेवा. २२०० ला २.२ अँपिअर, १३०० ला १.३ अँपिअर. साधारण एक तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो. घाई केल्यास बॅटरीचे आयुष्य घटते.

६. जागा कोटा फरशीची किंवा सिमेंटची असावी. लाकडी टेबल, गादी, पडदा, वर्तमानपत्र जवळ नको. मातीच्या कुंडीत पॅक ठेवून चार्ज करणे उत्तम. शेजारी कोरड्या वाळूची बादली हवी.

७. शेवटपर्यंत तिथेच थांबा. घरात कोणी मोठे माणूस जागे असल्याशिवाय चार्जिंग नाही. रात्री झोपताना तर कधीच नाही.

उडवताना

ट्रान्समीटर आधी चालू करा, विमानात बॅटरी नंतर जोडा. उतरल्यावर बॅटरी आधी काढा आणि ट्रान्समीटर नंतर बंद करा. क्रम उलटला तर पंखा एकाएकी फिरून बोटे कापू शकतो. बॅटरी जोडताना पंख्याच्या समोर किंवा बाजूला हात नको.

वेळ डोळ्यांवर सोडू नका, घड्याळ लावा. आपल्या विमानाला किती मिनिटे योग्य, ते चार्जर सांगतो. नवा पॅक पहिल्यांदा पाच मिनिटेच उडवा. मग चार्ज करा आणि चार्जरने किती एमएएच परत भरले ते पाहा. समजा, १००० भरले. म्हणजे मिनिटाला २०० खर्च झाले. आपली मर्यादा १७६०. भागाकार करा, ८.८. म्हणून गजर आठ मिनिटांवर लावा. उरलेला वेळ दुसऱ्या फेरीने उतरण्यासाठी राखून ठेवा.

वेग-नियंत्रक दाब कमी झाला की मोटर बंद करतो, म्हणजे सर्व्होंना वीज मिळत राहून विमान सांभाळून उतरवता येते. ही शेवटची सोय आहे. रोज त्या टोकापर्यंत जाणाऱ्याची बॅटरी फार दिवस टिकत नाही.

उतरल्यावर पॅक हातात धरून पाहा. कोमट असणे ठीक. हातात धरवत नसेल तर विमान बॅटरीकडून जास्त मागत आहे किंवा बॅटरी थकली आहे.

थकलेली बॅटरी कशी ओळखायची?

इथे ओहमचा नियम कामाला येतो. प्रत्येक सेलला आतला रोध असतो. चांगल्या पॅकमध्ये तो सेलला ५ मिलिओहम धरला तर तिघांचा १५. २० अँपिअर प्रवाह काढला की आतल्या आत ०.०१५ × २० = ०.३ व्होल्ट घट येते आणि उष्णता २० × २० × ०.०१५ = ६ वॉट. वय वाढून रोध सेलला २० मिलिओहम झाला तर घट १.२ व्होल्ट आणि उष्णता २४ वॉट. एवढी उष्णता बंद डब्यासारख्या पोटात कोंडली की पॅक फुगतो. बरेच चार्जर हा रोध दाखवतात. महिन्यातून एकदा, साधारण सारख्याच तापमानाला, तो वहीत लिहून ठेवा. एखाद्या सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा भरभर वाढू लागला, किंवा बॅलन्स करूनही तोच सेल पुन्हा पुन्हा मागे राहू लागला, की पॅकला निवृत्ती द्यावी.

प्रत्येक पॅकवर क्रमांक आणि खरेदीची तारीख लिहावी. वहीत चार रकाने पुरतात : तारीख, उडवल्याची मिनिटे, परत भरलेले एमएएच, शेरा. विज्ञान प्रदर्शनात मांडता येईल असा प्रकल्प यातूनच तयार होतो.

साठवण

पूर्ण भरलेली बॅटरी तशीच ठेवणे वाईट आणि रिकामी ठेवणेही वाईट. दोन-तीन दिवसांत उडवायचे नसेल तर सेल ३.८० ते ३.८५ वर आणून ठेवावा. चार्जरवर यासाठी स्टोरेज असा पर्याय असतो. परीक्षेच्या काळात विमान दोन-तीन महिने माळ्यावर जाते. नेमक्या याच काळात सर्वाधिक बॅटऱ्या बिघडतात. आदल्या रविवारी उडवायचा बेत पावसाने किंवा वाऱ्याने बिघडला, पॅक भरलेले राहिले आणि सरळ सुट्टीतच आठवले, असे होऊ देऊ नका. अभ्यासाला बसण्याआधी अर्धा तास काढून सर्व पॅक स्टोरेजवर आणा. पॅक विमानात जोडून तर कधीच ठेवू नका. रिसीव्हर थोडी थोडी वीज पिऊन सेल मारून टाकतो.

जागा थंड आणि कोरडी असावी. माळव्यातल्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा आणि उन्हात उभी मोटार या दोन जागा बॅटरीसाठी नव्हेत. बंद मोटारीत आतले तापमान बाहेरच्यापेक्षा पुष्कळ वर जाते. डबा धातूचा चालेल, पण आतून अस्तर हवे आणि झाकण हवाबंद नको. आत वायू झालाच तर त्याला वाट पाहिजे. जवळ खिळे, नाणी, किल्ल्या नकोत.

विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत, हातसामानात न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या पॅकला साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. आपला २४ वॉट-तासांचा पॅक त्यात बसतो. टोके चिकटपट्टीने झाकावीत आणि कंपनीचा नियम आधी पाहावा.

फुगली, पडली, पेटली तर?

फुगलेल्या पॅकला टाचणी लावायची नाही, दाबायचे नाही, फ्रिजमध्ये ठेवायचे नाही. विमान आपटले तर पॅक लगेच बाहेर काढून मोकळ्या जागी, माणसांपासून दूर, निदान अर्धा तास नजरेखाली ठेवावा. वरून धड दिसला तरी आतला पडदा फाटलेला असू शकतो आणि आग उशिरा लागू शकते.

धूर दिसला तर विद्यार्थ्यांनी एकच काम करायचे : सर्वांना बाहेर काढायचे आणि मोठ्यांना हाक मारायची. तो धूर विषारी असतो. मोठ्यांनी शक्य असल्यास मेन स्विच बंद करावा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. वाळूने ज्वाला आटोक्यात राहतात, पण आतली क्रिया थांबतेच असे नाही. वीज तोडल्यानंतर भरपूर पाणी सेल थंड करते. पाकीट हातात घेऊन पळण्याचे धाडस कोणी करू नये.

निवृत्त पॅक घरच्या कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत तो दाबला गेला की पेट घेतो आणि सफाई कामगारांच्या जिवावर बेततो. पॅक धड असेल तर मोकळ्या जागी, मोठ्यांच्या देखरेखीखाली, वाहनाचा १२ व्होल्टचा छोटा दिवा जोडून तो पूर्ण रिकामा करावा. मग टोके झाकून ई-कचरा संकलनाकडे द्यावा. इजा झालेला पॅक रिकामा करण्याच्या भानगडीत न पडता वाळूत ठेवून तसाच सोपवावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आहे, म्हणून विक्रेत्याकडे विचारायला संकोच नको.

पालक आणि विश्वस्त मंडळींना विनंती

एवढे वाचून काही पालकांना वाटेल की हा छंदच नको. तसे करू नये. गॅसची शेगडी आपण घरातून काढून टाकत नाही, मुलांना ती वापरायला शिकवतो. इथेही तोच मार्ग आहे. पालकांनी मुलाला विमान घेऊन देताना बॅटरीबरोबर चांगला बॅलन्स चार्जर आणि सेल मोजायचे छोटे यंत्र घ्यावे. काटकसर करायची झाली तर विमानात करावी, चार्जरमध्ये नको.

विश्वस्त मंडळींनी शाळेत चार्जिंगची एकच ठरावीक जागा द्यावी : फरशीची, हवेशीर, दाराजवळची, वेगळ्या स्विचची. तिथे कुंड्या, वाळू आणि नोंदवही असावी आणि चार्जिंग शिक्षकांच्या समोरच व्हावे. मुलांनी घरून भरलेले पॅक दप्तरात आणू नयेत. पुस्तकांच्या ओझ्याखाली दबलेला, कंपासच्या टोकाशी असलेला पॅक साऱ्या वर्गाला धोका आहे. या व्यवस्थेला फार खर्च येत नाही आणि मुलांना शिस्तही लागते.

स्वाध्याय

१. १३०० एमएएच, ३ एस पॅक १ सी ने किती अँपिअरवर चार्ज कराल? उडताना त्यातले किती एमएएच वापराल?

२. ४ एस पॅक पूर्ण भरल्यावर किती व्होल्ट दाखवेल? सेल ३.८० वर ठेवून साठवल्यास किती?

३. २२०० चा पॅक ४ मिनिटे उडवला. चार्जरने ९६० एमएएच भरले. गजर किती मिनिटांवर लावाल?

४. एका पॅकचे सेल ४.१९, ४.२० आणि ३.९८ आहेत. तो उडवाल का?

उत्तरे : १) १.३ अँपिअर, १०४० एमएएच. २) १६.८ व्होल्ट, १५.२ व्होल्ट. ३) मिनिटाला २४० खर्च, १७६० ÷ २४० = ७.३, म्हणून ७ मिनिटे. ४) नाही. तिसरा सेल इतरांच्या आधी रिकामा होऊन धोक्याच्या रेषेखाली जाईल. आधी बॅलन्स चार्ज करावे. फरक पुन्हा पडला तर पॅक निवृत्त करावा.

ही चार उत्तरे ज्याला वहीत न पाहता देता येतील, त्याच्या हाती पहिला पॅक द्यायला हरकत नाही.